जिप्सीचं क्राऊन-पिनियन घरच्या घरी स्वतः बदलावं का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की 2004 ची सेकंडहँड जिप्सी आहे, साठच्या वर गेली की मागून घूंऽऽ असा आवाज येतो, मेकॅनिक म्हणाला क्राऊन-पिनियन (मागच्या डिफ्रन्शियलमधली, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गोळ्यातली, इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रांची जोडी) गेलं, ऑइल बदलणं, ब्रेक शू, क्लच केबल ही कामं तुम्ही स्वतः करता, तर हेही मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू का, आणि गणपतीच्या आधी होईल का, कारण गाडी गावी न्यायचीय.

शेवटापासून सुरू करतो. गणपतीच्या आधी अजिबात नको. स्वतः करू का, तर अर्धं करा, अर्धं म्हणजे कुठलं ते खाली सांगतो. आणि ह्या सगळ्याच्या आधी मला सांगा, क्राऊन-पिनियनच गेलंय हे त्या मेकॅनिकने ठरवलं कशावरून? गाडी उचलून बघितली का नुसता एक राउंड मारून सांगितलं?

मी हे काम 2018 मध्ये माझ्या स्वतःच्या जिप्सीवर केलंय, भांडुपला, बिल्डिंगच्या मागच्या बाजूला. नोकरी मशीन मेंटेनन्सची, त्यामुळे डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं यंत्र), पुलर, बेअरिंग काढणं-बसवणं हे रोजचंच. तरी तीन वेळा उघडावं लागलं. म्हणून सांगतोय.

आधी आवाज. एखाद्या रविवारी पहाटे साडेपाच-सहाला ईस्टर्न फ्रीवे पकडा, सिग्नल नाही, एकसारखा वेग धरता येतो आणि त्या वेळेला मागे हॉर्न मारणारं कोणी नसतं. साठ-पासष्टला नेऊन अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून धरा, मग पाय पूर्ण काढा, मग परत दाबा. पाय दिल्यावर आवाज येतो आणि काढल्यावर जातो, किंवा पाय काढल्यावर त्याचा सूरच बदलतो, तर संशय क्राऊन-पिनियनवर. पायाशी काही देणंघेणं नाही पण लेन बदलताना गाडीचं वजन एका बाजूला गेलं की वाढतो आणि दुसऱ्या बाजूला गेलं की कमी होतो, तर बहुतेक चाकाचं बेअरिंग, आणि ते खूपच स्वस्तातलं काम आहे. काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर आवाज बदलला तर टायर. जिप्सीवाल्यांना मड टायर टाकायची हौस असते (मलाही होती), ते टायर अर्धे झिजले की अगदी हुबेहूब डिफ्रन्शियलसारखे ओरडतात. माझ्या एका मित्राने अख्खं डिफ्रन्शियल बदलून घेतलं आणि आवाज जिथल्या तिथे, शेवटी टायर बदलले तेव्हा शांत झाला, आता तो विषय काढला की चिडतो. अजून एक, सरळ जाताना आवाज नाही पण पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना कडकड वाजतंय, तर ते डिफ्रन्शियलमधले छोटे स्पायडर गिअर, कारण सरळ रस्त्यावर ते आपापसात फिरतच नाहीत. आणि गाडी जागेवरून निघताना किंवा गिअर बदलताना एकच ठण्ण, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे (पुढून मागे जोर नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, बघा.

मग गाडीखाली जा. प्रोपेलर शाफ्ट जिथे डिफ्रन्शियलला लागतो ती फ्लँज (बोल्टची चकती) हातात धरून वर-खाली हलवा. गोल फिरवताना थोडी चाल असते, ती असणारच, पण वर-खाली किंवा आत-बाहेर जराही हलली तर पिनियनचं बेअरिंग गेलं. मग ऑइल काढा. इथे एक फुकटचा सल्ला, खालचा ड्रेन बोल्ट सोडायच्या आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो का ते बघून घ्या. तो वीस वर्षं कोणी हलवला नसेल तर गोल होतो, आणि मग खालून ऑइल सगळं निघून गेलेलं आणि वरून भरता येत नाही, गाडी जागेवर. हसू नका, माझ्यासमोर घडलंय.

ऑइलमध्ये चुंबक फिरवा. बोटाला लागेल अशी राखाडी मऊ पेस्ट चुंबकावर आली तर ते वयाचं लक्षण, घाबरू नका. चकचकीत कपच्या, सुईसारखे तुकडे, दाताचा कोपरा असं काही आलं तर मग मेकॅनिक बरोबर बोलत होता. आणि ऑइल कटिंग चहासारखं पांढरट आलं तर पाणी गेलंय.

माझ्या गाडीत तेच झालं होतं. 29 ऑगस्ट 2017 चा पाऊस आठवत असेल, मी दादरहून परत येत होतो आणि हिंदमाताला पाणी चाकाच्या हबच्या वर. जिप्सी आहे, जाईल, म्हणून घातली, आणि गेलीसुद्धा, त्याचाच माज होता. पण काय होतं, दीड तास चाललेलं हाउजिंग (डिफ्रन्शियलचं बाहेरचं कवच) आतून गरम असतं, गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ओढ लागते. हाउजिंगवर हवा खेळायला एक छोटा ब्रीदर असतो, तो पाण्याखाली गेला तर तिथूनच पाणी घेतो आणि चिखलाने बुजलेला असेल तर ऑइल सीलच्या ओठातून घेतो. कसंही करून घेतोच. मी दुसऱ्या दिवशी ऑइल बघायला हवं होतं, नाही बघितलं. डिसेंबरपर्यंत बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे पडले, बेअरिंग सैल झालं, पिनियन जागेवरून हलायला लागलं आणि त्याच्या नादाने दात खाल्ले. म्हणजे क्राऊन-पिनियन आपणहून क्वचितच मरतं, त्याला बेअरिंग नाहीतर ऑइल मारतं. त्यामुळे नुसती गिअरची जोडी बदलून जुनी बेअरिंग तशीच ठेवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

आता समजा खरंच गेलंय. मग तुमचा मुख्य प्रश्न.

ब्रेक शू, क्लच केबल, वॉटर पंप ही कामं कशी असतात, बरोबर लागलं तर लागतं, चुकलं तर लागतच नाही. क्राऊन-पिनियन चुकीचं बसवलं तरी व्यवस्थित बसतं. बोल्ट लागतात, चाकं फिरतात, गाडी चालते, दोनशे किलोमीटर चालते आणि मग ओरडायला लागते, आणि एकदा चुकीच्या जागी दात घासले गेले की नंतर सेटिंग बरोबर केलं तरी ती जोडी पूर्ण गप्प होत नाही. पाना चालवता येणं आणि हे येणं ह्यात एवढाच फरक आहे, इथे सगळं काम मोजमापाचं आहे.

मोजायचं काय, तर पिनियन आत किती गेलंय, त्याच्या बेअरिंगवर ताण किती आहे म्हणजे प्रीलोड, क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये मोकळी चाल किती आहे म्हणजे बॅकलॅश, आणि ह्या तिन्हींचा निकाल म्हणून दातावर छाप कुठे पडते. बॅकलॅशचा आकडा तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच धरा, पण अंदाज यावा म्हणून, अशा छोट्या गाड्यांत तो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशात असतो, 0.10 ते 0.20 च्या आसपास. डोक्याचा केस साधारण 0.07 असतो. म्हणजे आपण दोन केसांच्या फरकावर भांडतोय. हे हाताला कळत नाही, डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड लागतोच. (कोणाकोणाला हाताला कळतं, त्या चाचाची गोष्ट पुढे येते.)

छाप बघायची गंमत वेगळी आहे. बाहेर ह्यासाठी पिवळी पेस्ट मिळते, आपल्याकडचे जुने फिटर शेंदूर तेलात कालवून दाताला लावतात, तोच, मारुतीला लावतात तो. गाडी मारुती, शेंदूर मारुतीचा, आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी बघून विचारलं की पूजा चाललीय का. क्राऊनच्या चार-पाच दातांना पातळ लावायचा, क्राऊनला लाकडाने थोडा अडसर द्यायचा आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचं, जिथे दाताला दात घासतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि लंबगोल डाग उमटतो. तो दाताच्या मधोमध हवा. अगदी वरच्या कडेला आला तर पिनियन लांब राहिलंय, जाड शिम (जागा भरायची पत्र्याची चकती) टाका, बुडाशी आला तर पिनियन जास्त आत घुसलंय, पातळ शिम. फार पातळ थर लावा आणि नंतर हात साबणाने दोनदा धुवा, शेंदूर म्हणजे शिसं आहे, त्या हाताने वडापाव खायचा नाही.

ऐकायला सोपं वाटतं. कटकट अशी की ती शिम पिनियनच्या मोठ्या बेअरिंगच्या खाली असते आणि बेअरिंग प्रेसने दाबून बसवलेलं असतं. म्हणजे छाप बघायची, पटली नाही तर सगळं उघडायचं, बेअरिंग उपटायचं, शिम बदलायची, परत दाबायचं, परत छाप. मी दोनदा पिनियन पिशवीत घालून एलबीएस रोडला लेथवाल्याकडे प्रेस मारायला गेलो. नंतर एकाने शहाणपणा शिकवला की जुनं बेअरिंग टाकून द्यायचं नाही, त्याची आतली रिंग पॉलिश पेपरने घासून घासून हाताने सरकेल इतकी मोकळी करायची, आणि सगळं ट्रायल त्याच्यावर करून शिम पक्की झाली की मगच नवीन बेअरिंग दाबायचं. हे मला आधी कळलं असतं तर दोन शनिवार वाचले असते.

दुसऱ्यांदा उघडलं ते माझ्या घाईमुळे. पिनियनच्या दोन बेअरिंगच्या मध्ये पत्र्याचं एक बुश असतं, क्रश स्लीव्ह, नट आवळत गेलं की ते दबतं आणि बेअरिंगवर बरोबर ताण येतो. ते दबायला सुरुवात होईपर्यंत अंगातलं सगळं पाणी काढतं, पान्याला पाइप लावून दोघांनी लटकायचं इतकं कडक, आणि एकदा दबायला लागलं की नटाच्या थोड्याशा हालचालीत पाहिजे तिथून पुढे निघून जातं. जास्त दबलं तर नट सैल करून परत मागे आणता येत नाही, स्लीव्ह भंगारात, नवीन आणा. रात्रीचा दीड वाजलेला, मी म्हटलं अजून थोडंसं, आणि पिनियन जाम, हाताने फिरेचना. दुसऱ्या दिवशी रविवार, ऑपेरा हाऊसचं स्पेअर मार्केट बंद, सोमवारी ऑफिसला दांडी मारून एका पत्र्याच्या बुशासाठी चर्नी रोडला. तुम्ही करणारच असाल तर स्लीव्ह दोन घ्या, पिनियनचा नट आणि ऑइल सीलही नवीन, आणि नट नखभर आवळला की लगेच ताण मोजा. त्याचा छोटा टॉर्क पाना नसेल तर फ्लँजला दोरी गुंडाळून भंगारवाल्यासारखा ताणकाटा लावून हळूहळू ओढा, फ्लँजची त्रिज्या पाच सेंटीमीटर आणि काट्यावर सरळ फिरताना दोन किलो दिसले तर दहा किलो-सेंटीमीटर, हे मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघा. सुरुवातीचा झटका धरायचा नाही, फिरत असतानाचा आकडा धरायचा.

तिसरी वेळ म्हणजे तो चाचा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या स्पेअरच्या दुकानांच्या रांगेत एक जण आतल्या गल्लीत फक्त डिफ्रन्शियल बांधायचं काम करायचे. मी माझं तयार झालेलं असेंब्ली रिक्षात घालून त्यांच्याकडे नेलं, जरा शायनिंग मारायची म्हणून पण असेल. त्यांनी काही विचारलं नाही, क्राऊन एका हाताने धरला, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी फ्लँज टकटक हलवली, कान जवळ नेला आणि म्हणाले, "चाल जादा है." मी म्हटलं चाचा मोजलंय मी. परत डायल लावला तर 0.28. मी एकाच दातावर मोजलं होतं, क्राऊन चार ठिकाणी फिरवून मोजायचा असतो आणि माझा क्राऊन डिफ्रन्शियलच्या आतल्या केसवर बसताना खाली बारीक कचरा राहिल्यामुळे किंचित वाकडा फिरत होता. त्यांनी उघडून बसायची जागा साफ केली, दोन्ही बाजूंच्या आट्यांच्या रिंगा, एक जितकी सैल तितकीच दुसरी घट्ट, अशा सरकवल्या, शेंदूर लावला, छाप दाखवली. चहा येईपर्यंत काम झालं होतं. माझे तीन आठवडे गेले होते.

म्हणून माझं मत असं. जिप्सीची रचना तुमच्या फायद्याची आहे. तिचा डिफ्रन्शियल पुढच्या बाजूने अख्खा बाहेर येतो, हाउजिंग गाडीलाच राहतं. काही गाड्यांत मागचं झाकण उघडून सगळं सेटिंग गाडीखाली झोपून करावं लागतं, तशी गाडी असती तर मी सरळ नाही म्हटलं असतं. इथे तुम्ही असेंब्ली स्वतः काढा, ज्याला सेटिंग येतं त्याच्या टेबलावर नेऊन द्या, बसून बघा, आणि परत आणून स्वतः बसवा. काढणं-बसवणं हे तुम्हाला जमणारं काम आहे, सेटिंगची मजुरी द्या आणि ती देताना घासाघीस करू नका. सगळं स्वतः करून जी मजुरी वाचणार ती डायल गेज, पुलर आणि लेथवाल्याच्या खेपांतच जाते, नागदेवीला जाऊन नुसता चांगला डायल आणि स्टँड घेऊन बघा म्हणजे कळेल. पुढेही अशी कामं करायचीत, शिकायचंय, गाडी महिनाभर उभी राहिली तरी ऑफिसला लोकल आहे, असं असेल तर करा की, मला आजही त्या तीन आठवड्यांचा पश्चात्ताप नाही. पण पैसे वाचवायला करत असाल तर नाही वाचणार.

सेटिंगवाला कसा ओळखायचा? छाप दाखवाल का विचारा. "त्याची काय गरज, आम्ही रोज करतो" म्हणाला तर नमस्कार करून निघा.

पार्ट घेताना क्राऊन आणि पिनियन एकाच जोडीचे, दोघांवर कोरलेला नंबर जुळला पाहिजे, कारखान्यात ते एकमेकांवर घासूनच तयार करतात. कुर्ल्यात जुनं असेंब्ली अख्खं मिळालं तर वाईट नाही, पण एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन असलं जुगाड घेऊ नका, आणि बिल मागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दात मोजा. क्राऊनचे 41 आणि पिनियनचे 11 तर रेशो 3.73, तुमचे जे असतील तेच परत आले पाहिजेत. जिप्सी फोर बाय फोर आहे, मागचा रेशो बदलला आणि पुढचा तोच राहिला तर ज्या दिवशी फोर बाय फोर टाकाल त्या दिवशी पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतील आणि मार ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा गिअरचा डबा) खाईल. 41 आणि 11 असे विचित्र आकडे का, तर दोघांना सामाईक भाग नसला की पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. मला हे कळलं तेव्हा फार आवडलं होतं, तुम्हाला उपयोग नसेल तरी सांगून टाकलं.

काढताना, गाडी दोन चांगल्या घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), नुसत्या जॅकवर नाही, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, कारण मागची चाकं उचलल्यावर हँडब्रेकचा भरवसा नाही. जागा सपाट हवी, मुलुंडच्या बऱ्याच सोसायट्यांत पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो तो बघा. मागचे दोन्ही हाफ शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) बाहेर ओढल्याशिवाय असेंब्ली सुटत नाही, आणि शाफ्ट ड्रमच्या मागच्या प्लेटसकट येतात म्हणून ब्रेकचा पाइप सोडावा लागतो, म्हणजे शेवटी ब्रेकची हवा काढणं आलंच, त्यासाठी पॅडल मारायला एक माणूस बोलावून ठेवा. असेंब्ली सुटताना ते एकदम सुटतं आणि जड असतं, एकट्याने छातीवर झेलायची वस्तू नाही. सेक्रेटरीला आधी सांगा, खाली पुठ्ठे आणि जुनी चादर टाका, ह्या ऑइलला गंधकाचा जो कुजका वास असतो तो फरशीवरून आठवडाभर जात नाही. तेच गंधक दात वाचवतं म्हणा, ह्या गिअरचे दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत तर घसरतातही, म्हणून जीएल-5 दर्जाचं ऑइलच लागतं, बहुतेक 80डब्ल्यू-90, पक्कं मॅन्युअलमध्ये बघा. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, गटारात नाही.

आणि गणपती. नवीन जोडीला पहिले वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्यायचं असतं, कारण नवीन दात फार तापतात, आणि पुढचे सातशे-आठशे किलोमीटर ओझं नाही, सलग जोरात पळवणं नाही, मग एकदा ऑइल बदलायचं. तुम्ही काय करणार, पाच माणसं, मखर, कॅरियरवर बॅगा आणि पहिल्याच दिवशी मुंबई-गोवा हायवे. ट्रॅफिकमध्ये दहा तास आणि वर घाट. जोडी गावी पोचेपर्यंत निळी पडेल. यंदा एसटीने जा नाहीतर रेल्वेचं तिकीट बघा.

तोपर्यंत जिप्सी चालवायची का, हे ऑइलवरून ठरवा. ऑइलमध्ये तुकडे नाहीत, फ्लँज वर-खाली हलत नाही, नुसता आवाज आहे, तर नवीन ऑइल भरून ऑफिस-घर करायला हरकत नाही, असा आवाज घेऊन गाड्या वर्ष-वर्ष चालतात. तुकडे निघाले किंवा फ्लँज हलली तर उभी करा, पिनियन जाम झालं तर मागची चाकं चालत्या गाडीत लॉक होतात आणि हायवेला तेव्हा मागे ट्रक असतो. आणि ब्रीदर आत्ताच काढून, साफ करून, फुंकून बघा, त्याला रबरी नळी लावून वर बॉडीपर्यंत नेता आली तर अजून बरं, पाऊस अजून संपलेला नाही.